स्पोर्ट्स कारचे इंजिन : बांधावे की बदलावे?

इंजिनातून ठोका ऐकू येऊ लागला, एक्झॉस्टमधून निळसर धूर निघू लागला किंवा इंजिन तापल्यावर तेलाचा दाब उतरू लागला, की स्पोर्ट्स कारच्या मालकाला दोनच मार्ग दिसतात : आहे ते इंजिन खोलून नव्याने बांधणे, नाही तर ते उतरवून दुसरे बसवणे. बहुतेक जण लगेच खर्चाची बेरीज मांडायला बसतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकते, कारण त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हातात असावी लागतात. इंजिन नेमके कशामुळे खराब झाले आणि त्याच्या ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात) व क्रँकशाफ्टमध्ये (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यात) यंत्रावर घासून काढण्याइतका धातू अजून शिल्लक आहे का?

हे प्रश्न स्पोर्ट्स कारच्या बाबतीत अधिक कठीण होतात, याचे कारण वेगात आहे. पिस्टनची, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याची, चाल ८० मिलिमीटर असलेले इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेते, तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २१ मीटर असतो. वरच्या टोकाला थांबून उलट फिरताना त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साडेतीन हजार पटींच्याही पुढे जाते. म्हणजे अवघ्या ४०० ग्रॅमचा पिस्टन त्याला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला जवळजवळ दीड टन वजनाइतक्या जोराने ओढतो, आणि तेही दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला सहासष्टहून अधिक वेळा. फेरे दुप्पट झाले की हा ताण चौपट होतो, त्यामुळे साध्या गाडीत खपून जाणारी झीज इथे खपत नाही.

या सगळ्या ताणाखाली क्रँकशाफ्ट आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो केवळ तेलाचा पापुद्रा. दोहोंमधली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. गाडीने वळणावर गुरुत्वत्वरणाइतका बाजूचा रेटा सहन केला, तर तेलाच्या तळकुंडातील पातळी ४५ अंशांनी कलते. तेल ओढणारी नळी त्या क्षणी उघडी पडली, तर पंप हवा ओढतो आणि पापुद्रा तुटतो. अशा इंजिनाचे काढलेले बेअरिंग उजेडात धरून पाहण्यासारखे असते. निरोगी बेअरिंगचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा, मंद राखाडी दिसतो. वरचा मऊ मुलामा गेला असेल, तर खालच्या तांब्याच्या मिश्रधातूचा लालसर पट्टा उघडा पडतो, आणि केरकचरा गेला असेल, तर फेऱ्याच्या दिशेने ओरखडे उमटतात. हे वाचता येणे फार महत्त्वाचे, कारण लाल पट्टा तेल कमी पडल्याचे सांगतो आणि ओरखडे तेल घाण असल्याचे.

इंजिन खोलण्याआधीही बरेच कळते. सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजावे. एखाद्यात ते कमी भरले, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला, तर पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे. तसाच राहिला, तर दोष बहुधा वॉल्व्हमध्ये (सिलिंडरच्या झडपेत) किंवा हेड गॅस्केटमध्ये (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या पट्टीत) आहे. पिस्टन वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडली, की गळतीची जागा कानानेच सापडते : तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडा. पण या चाचण्या बेअरिंगबद्दल काहीच बोलत नाहीत. त्यासाठी तेलाचा फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा आणि चमकणाऱ्या कणांवर लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला न चिकटणारे कण बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असण्याची शक्यता मोठी असते.

सिलिंडरच्या भिंतीपाशी मात्र निर्णय बऱ्याचदा आपोआप ठरतो. भिंत बिडाची असेल, तर ती पाव किंवा अर्धा मिलिमीटर बोअर करून, म्हणजे रुंद करून, ओव्हरसाइज (किंचित मोठे) पिस्टन घालता येतात. हे कोणत्याही चांगल्या मशीन शॉपचे रोजचे काम आहे. १९७३ च्या पोर्श ९११ कॅरेरा आरएस २.७ मध्ये सिलिंडरवर निकासिल, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण रुजवलेला अत्यंत पातळ मुलामा होता. असा मुलामा बोअर केला तर तो उरतच नाही. जुना काढून नवा चढवावा लागतो. १९७७ मध्ये आलेल्या पोर्श ९२८ चा ब्लॉक सुमारे १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा होता. त्यात बोअर केल्यावर पृष्ठभागावरचे ॲल्युमिनियम किंचित खाली बसवून सिलिकॉनचे कठीण स्फटिक उघडे करावे लागतात, आणि ही पायरी चुकली की पिस्टन भिंतीला ओरबाडतो. अशा ब्लॉकचे काम करणारे जाणकार हाताशी नसतील, तर इंजिन बांधण्याचा हट्ट धरू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

क्रँकशाफ्टला तडा नसल्याची खात्री चुंबकीय तपासणीने होते, आणि तो पाव मिलिमीटर घासून जाड बेअरिंग बसवता येतात; मात्र नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करण्याची प्रक्रिया) केलेल्या शाफ्टचा कठीण थर पातळ असल्याने घासल्यावर तो पुन्हा द्यावा लागू शकतो. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले असेल, तर बदलण्याचेच पारडे जड होते.

बदलायचे ठरले तरी प्रश्न संपत नाहीत. वापरलेले इंजिन स्वस्त दिसते, पण त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो, आणि आपल्या इंजिनाची परीक्षा घेतली तितकीच कठोर परीक्षा त्याचीही न घेता ते बसवणे म्हणजे माहीत असलेला दोष देऊन माहीत नसलेला घेणे होय. कारखान्यातून हमीसह आलेले इंजिन सर्वांत निश्चिंत, पण तेही जुन्या आजाराला बळी पडू शकते. बेअरिंग गेलेल्या इंजिनाने धातूचे कण ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांत सोडलेले असतात. ते धुऊन पूर्णपणे निघत नाहीत, म्हणून कूलर नवा घालावा आणि तेलाच्या नळ्या व टाकी उघडून साफ करावी. वळणावर तेल कमी पडत असेल, तर तळकुंडात आडवे पडदे बसवल्याशिवाय नवे इंजिन सुरूच करू नये.

जुन्या आणि दुर्मिळ गाड्यांत आणखी एक गोष्ट येते : ब्लॉकवर कोरलेला क्रमांक गाडीच्या मूळ नोंदीशी जुळत असेल, तर संग्राहक त्या गाडीला अधिक मोल देतात. तेव्हा ब्लॉक आज दुरुस्त होत नसला तरी तो भंगारात देऊ नये. गाडी दुसऱ्या इंजिनावर चालू द्यावी, आणि मूळ ब्लॉक स्वच्छ करून, यंत्रावर घासलेल्या पृष्ठभागांना तेल चोपडून, दमट हवा लागणार नाही असा गुंडाळून ठेवावा. ओतीव धातूतले तडे टाचून किंवा वेल्डिंग करून बुजवणारे कसबी कारागीर आहेत, आणि पुढे कधी तरी तो ब्लॉक पुन्हा बांधता येतो.