रेंज गेली की फोन ओरडतो

घरातल्या रेडिओलहरींचा विषय निघाला की पहिलं बोट राउटरकडे जातं. रात्रंदिवस दिवे लुकलुकवत बसलेला तो डबा संशयास्पद दिसतो खरा, पण हिशेब मांडला तर वेगळंच निघतं. वायफाय राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्तीने लहरी सोडतो. त्या चहूकडे पसरतात, त्यामुळे एक मीटरवर दर चौरस मीटरला जेमतेम ८ मिलिवॅट उरतात, तीन मीटरवर एकही पुरता नाही. सर्वसामान्यांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा १०,००० मिलिवॅटची आहे. ४जी फोनची कमाल शक्ती २०० मिलिवॅट, म्हणजे राउटरच्या दुप्पटच. पण तो कानाला टेकलेला असतो.

या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकीच वायफायच्या फोटॉनमध्ये, म्हणजे लहरींच्या ऊर्जेच्या सर्वात लहान पुडीत, असते. ठामपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती किंचित तापणे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्कजन्य’ अशा २बी गटात घातलं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. तेव्हा घाबरायचं कारण नाही. तरी संपर्क कमी करायचाच असेल, तर सुरुवात फोनपासून करावी.

फोन नेहमी सारख्याच जोराने बोलत नाही. टॉवरला नीट ऐकू जातंय तोवर तो कुजबुजतो. रेंजची एखादीच दांडी उरली की ओरडायला लागतो. या दोन टोकांमध्ये हजारो पटींचा फरक पडू शकतो. म्हणून तळघर, लिफ्ट, धावती गाडी अशा ठिकाणी लांब गप्पा टाळाव्यात, निरोप टाइप करावा. घरात रेंज कमी असेल तर खिडकीशी जावं किंवा फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करावं. टॉवर लांब असला म्हणजे बरं, हा समज इथे उलटा पडतो.

‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर आणि कव्हर याच कारणाने फसतात. अँटेनाच्या वाटेत धातू आला की टॉवरपर्यंत पोचायला फोन आणखी जोर लावतो. खोक्यावरच्या सार (SAR) आकड्याचंही, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं त्या मापाचंही, तसंच. मर्यादा काही देशांत किलोमागे १.६ वॅट, युरोपात २ वॅट. पण तो आकडा फोन पूर्ण जोरात असतानाचा. कमी सारचा फोन वाईट रेंजमध्ये वापरण्यापेक्षा जास्त सारचा फोन चांगल्या रेंजमध्ये बरा.

बोलताना स्पीकर लावून फोन हातभर लांब ठेवला की डोक्यापुरता प्रश्न जवळजवळ मिटतो. तारेचा इअरफोनही चालेल, मात्र मग फोन खिशात नको, टेबलावर हवा. ब्लूटूथचे इअरफोन बहुतेक वेळा काही मिलिवॅटच सोडतात.

झोपताना फोन फ्लाइट मोडवर टाकावा, गजर वाजतोच. पण वायफाय आणि ब्लूटूथ खरंच बंद झाले का ते सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावं. काही फोनवर वरच्या पट्टीतलं बटण जोडणी फक्त तोडतं, रेडिओ चालूच राहतो. उशीखाली फोन ठेवू नये, पण त्याचं मोठं कारण बॅटरीची उष्णता.

राउटर पलंगापासून दीड-दोन मीटरवर असला की पुरे. त्याला फॉइल गुंडाळू नये: फोन आणि लॅपटॉपला मग जास्त वेळ प्रक्षेपण करावं लागतं. लॅपटॉपला लॅन केबल जोडली तर त्याचं वायफाय हाताने बंद करावं, नाहीतर ते शोधाशोध करत राहतं. कॉर्डलेस फोनचा तळ मात्र उशाशी नको. इको मोड नसेल तर कुणी बोलत नसतानाही तो संकेत पाठवत असतो.

लहरी बाहेर झिरपू नयेत म्हणून मायक्रोवेव्हच्या दाराच्या कडा पुसून ठेवाव्यात. दार वाकलं असेल किंवा नीट बसत नसेल तर तो वापरू नये. बंद मायक्रोवेव्हमध्ये फोन ठेवून तो वाजतो का पाहणे, ही गळतीची चाचणी निरुपयोगी आहे. फोनला वाजायला वॅटच्या लाखो कोटीव्या हिश्श्याएवढा संकेतही पुरतो, त्यामुळे उत्तम अवस्थेतल्या मायक्रोवेव्हमध्येही तो वाजू शकतो.