दैव आणि यत्न: एका जुन्या मराठी वादाची पार्श्वभूमी

मूल जन्मल्यानंतरच्या पाचव्या, आणि कुठे कुठे सहाव्या, रात्री महाराष्ट्रातील अनेक घरांत सटवाईची पूजा होते. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून त्याला हळदकुंकू वाहतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात आणि शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी त्याचे सगळे आयुष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. तेच मूल शाळेत जाऊ लागले की फळ्यावर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हा सुविचार वाचते, आणि घरातल्या कोणालाही यात विसंगती जाणवत नाही. ती का जाणवत नाही, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

‘नशीब’ आणि ‘तकदीर’ हे शब्द अरबी-फारसीकडून आले. मराठीचे त्याआधीपासूनचे शब्द मात्र वेगळ्या जातीचे आहेत. ‘संचित’ म्हणजे साठलेले, ‘प्रारब्ध’ म्हणजे त्या साठ्यापैकी भोगायला सुरुवात झालेले, आणि ‘क्रियमाण’ म्हणजे आज चालू असलेले कर्म. हे शब्द खतावणीतले वाटावेत असे आहेत, कारण त्यांमागची कल्पनाच हिशेबाची आहे. माणसाच्या वाट्याला येणारे दैव हे कोणा परक्या सत्तेने लादलेले नसून त्याच्याच जुन्या कर्मांची शिल्लक आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. त्यामुळे दैव मानणारा माणूस यत्न नाकारतोच असे नाही.

निव्वळ नियतिवादही या भूमीत होऊन गेला. बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन मक्खली गोसाल हा आजीविक पंथाचा प्रवर्तक. फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख सारखेच आपापला ठरलेला फेरा पुरा करतात, त्यात कोणाच्या पराक्रमाने रेसभर फरक पडत नाही, हे त्याचे मत बौद्ध ग्रंथांत नोंदलेले आहे. ते विरोधकांनी नोंदलेले असल्याने थोडे हात राखूनच वाचावे. सम्राट अशोकाने बिहारमधील बराबर टेकड्यांतील गुहा आजीविकांना दान दिल्या, यावरून पंथाला मान होता एवढे नक्की. पुढे तो नामशेष झाला.

टिकली ती मधली भूमिका. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव श्रेष्ठ की पुरुषकार, म्हणजे माणसाचा यत्न, असा सरळ प्रश्न युधिष्ठिर भीष्मांना विचारतो आणि भीष्म त्याला ब्रह्मदेव व वसिष्ठ यांचा जुना संवाद सांगतात. त्यात पुरुषकाराला शेत आणि दैवाला बी म्हटले आहे. शेतावाचून बी वाया जाते, तसे यत्नावाचून दैव फळत नाही. योगवासिष्ठ त्याच्याही पुढे जाते. तिथे दैव हे कालच्या पुरुषार्थाचेच दुसरे नाव ठरते, आणि कालचा व आजचा पुरुषार्थ दोन मेंढ्यांसारखे एकमेकांना टकरा देतात, ज्यात बलवान जिंकतो. राज्यकारभार सांगणाऱ्या कौटिल्याला तर या चर्चेचा कंटाळाच होता. फार नक्षत्रे विचारत बसणाऱ्या पोरकट माणसाला अर्थ, म्हणजे धन, सोडून जातो, अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारका काय करणार, असे तो अर्थशास्त्रात खडसावतो.

मराठी संतांविषयी एक ठरीव विभागणी केली जाते: तुकाराम दैवाच्या बाजूचे, रामदास यत्नाच्या. ती फार सोयीची आहे आणि म्हणूनच संशयास्पद. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणणाऱ्या तुकोबांनीच ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ असेही म्हटले आहे, आणि ‘नवसे कन्यापुत्र होती, तरि का करणे लागे पती’ हा त्यांचाच सवाल आहे. रामदासांनी दासबोधात यत्नाच्या शिकवणीसाठी एक अख्खा समास दिला. पण ‘सामर्थ्य आहे चळवळेचे’ ही त्यांची ओळख बनलेली ओवी पुढे लगेच भगवंताचे अधिष्ठान मागते, हे व्याख्यानांत सहसा गाळले जाते. वामन पंडितांच्या ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ या ओळीचे तर त्याहून विचित्र झाले आहे. प्रयत्नवादाचे ब्रीद म्हणून ती मिरवते. प्रत्यक्षात ती भर्तृहरीच्या संस्कृत श्लोकाचा अनुवाद आहे, आणि त्या मूळ श्लोकात मूर्खाचे मन वळवण्याच्या कामी सगळे प्रयत्न थकतात, हे सांगण्यासाठी वाळूच्या तेलाचा दाखला येतो.

इथवर प्रश्न दैव आणि यत्न यांच्या प्रमाणाचा होता. एकोणिसाव्या शतकात तो पार बदलला. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक जोशी गरोदर कुणबी बाईच्या दारात येतो, पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा असल्याची भीती तिला घालतो आणि शांतीच्या नावाखाली त्या गरीब जोडप्याला कर्जात लोटतो. अखेरीस नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलेले हे नाटक तिथे नाकारले गेले. दैव खरे की खोटे यापेक्षा ते वाचून दाखवण्याचे पैसे कोणाच्या पदरात पडतात, याकडे त्याचा रोख आहे. हा प्रश्न जुन्या ग्रंथांपैकी कोणी अशा रोखठोकपणे विचारलेला मला तरी दिसत नाही.

लोकमान्य टिळकांनी वाद पुन्हा तत्त्वज्ञानाच्या अंगणात नेला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दोषी ठरल्यावर, माणसांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्यावर या न्यायासनाहून वरच्या शक्तींची सत्ता चालते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ते आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेला गेलेल्या याच माणसाने तिथल्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, जे १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण या प्रश्नावरचा मराठीतील सर्वांत काटेकोर विचार आहे, असे मला वाटते. सगळी सृष्टी कर्माच्या नियमाने बांधलेली असली, तरी आत्मा त्या नियमाबाहेरचा आहे आणि म्हणून सुधारण्याची प्रेरणा माणसात स्वतंत्रपणे उठू शकते, ही त्यांची मांडणी. पूर्वकर्माचा सिद्धांत मात्र त्यांनी कायम ठेवला.

तो सिद्धांतच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मान्य नव्हता. निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते कर्माचा नियम स्वीकारतात, परंतु मागल्या जन्माच्या कर्माचे फळ या जन्मी भोगण्याची कल्पना फेटाळतात. गरीब आणि हीन मानलेल्यांच्या दुर्दशेची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज त्या कल्पनेचा दुसरा हेतू संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. फुल्यांचा हिशेब जोश्यापर्यंत पोहोचला होता, तो इथे संपूर्ण व्यवस्थेपर्यंत येतो.

अगदी अलीकडे या वादाचा एक छोटा भाग आकड्यांनीही तपासला गेला. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ज्योतिष्यांनी सांगायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस जणांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या होत्या, आणि त्यांच्या बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निकाल याहून वाईट लागला नसता. अर्थात, दैव असते की नसते याविषयी ही चाचणी काही बोलत नाही. लिहिलेले वाचता येते, या दाव्यापुरतीच ती होती. सटवाईच्या बाबतीत तसा दावा बायकांनी कधी केला नव्हता. पूजेशेजारी ठेवलेला कागद सकाळी कोराच असतो, हे त्यांना ठाऊक असते.