पार्श्वभूमी : माथेरानचा बारमाही हंगाम आणि लाल मातीचा रस्ता

1850 मध्ये ठाण्याच्या तत्कालीन कलेक्टरने हा डोंगर हेरला आणि पुढे बंगले उठले, ही गोष्ट नव्याने सांगायला नको. लक्षात ठेवायचं ते इतकंच की त्या माथेरानला हंगाम दोनच होते, एक पावसाआधीचा आणि एक पावसानंतरचा. 1907 मध्ये नेरळहून दोन फुटी रुळांवरची गाडी वर आली, पण दरडींच्या भीतीने पावसाळ्यात तीही बंद असे.

पाऊस टाळायचा नसतो, तो पाहायला जायचं असतं, हे मुंबई-पुण्याने फार नंतर ठरवलं. त्यानंतर गार्बेट आणि वन ट्री हिलच्या बाजूने चढणारे ट्रेकर जून-जुलैत दिसू लागले आणि शनिवार-रविवारी धुक्यात पॉइंट गजबजले. आता पावसाळ्यात नेरळची गाडी थांबली, तरी गावाच्या वेशीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत छोटी शटल गाडी चालू असते. हॉटेलवाल्यांना बारा महिने गिऱ्हाईक मिळालं, आणि मातीच्या रस्त्यांना मात्र विसावा उरला नाही.

वरच्या रस्त्यांची माती जांभ्याची आहे. उन्हाळ्यात घोड्यांच्या टापांनी ती सुटी होते आणि लीद मिसळलेली तांबडी धूळ दुकानांच्या फळ्यांवर बसते. जुलैत तीच माती उतारावरून वाहून जाते, घळी पडतात, कडेच्या झाडांची मुळं उघडी पडतात. जुन्या पद्धतीत रस्त्याला आडवे जांभ्याचे दगड लावून आणि कडेने चर काढून पाणी वळवत. ही कामं दर वर्षी करावी लागतात, आणि टाळली की त्याच पावसात भोवतात.

खरा वाद इथेच आहे. मोटारींना गावात मज्जाव पूर्वीपासून होता. 2003 मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाल्यावर त्याला केंद्राच्या अधिसूचनेचं बळ मिळालं. मग मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरलं. समर्थकांचं म्हणणं, धूप थांबेल आणि आजारी माणसाची, शाळकरी मुलांची ये-जा सोपी होईल. अश्वपालकांचं म्हणणं, ओल्या ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो. पर्यावरणवाद्यांचा आक्षेप ब्लॉकखालच्या काँक्रीटला होता, कारण त्यामुळे पाणी मुरत नाही, वेगाने वाहतं आणि जिथे काँक्रीट संपतं तिथली माती आणखी जोरात कापतं. मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. रस्ता वाचवायचा आणि त्याच्या कडेचं जंगल पोखरायचं, असा सौदा या डोंगराला परवडणारा नाही.

पण या रस्त्यावर हातरिक्षाही चालत आली आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करून मातीची बाजू घेता येत नाही. एक जण पुढून ओढतो, चढावर दोघे मागून ढकलतात, पावसात पायाखाली चिखल. हे काम करणाऱ्यांनीच ई-रिक्षा मागितली होती आणि तीही न्यायालयात जाऊन. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली, त्याच वर्षअखेरीस चाचणी सुरू झाली. ई-रिक्षा आली म्हणजे कडक पृष्ठभाग आला, त्यामुळे माती आणि माणूस हे दोन प्रश्न एकाच रस्त्यावर आमनेसामने उभे राहिले.

दरम्यान गाडीचा भरवसाही डळमळला. 26 जुलै 2005 च्या पावसाने मार्ग उद्ध्वस्त केला आणि तो 2007 मध्ये सुरू झाला. 2016 मध्ये डबे घसरल्याने गाडी दीड वर्षाहून अधिक काळ बंद होती. 2019 च्या पावसात रुळांखालचा भराव वाहून गेला आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर 2022 मध्ये परत मिळाला. गाडी बंद पडली की सारा भार दस्तुरीवर येतो, आणि दस्तुरीवरून पुढे तोच रस्ता.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा, असं बजावलं आणि हातरिक्षा चालवणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षा योजना आखायला सांगितली. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना मुभा मिळाली. आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकच्या वाटांवर नाही. म्हणजे पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटा मातीच्याच राहणार, आणि पावसाळी गर्दीचा भार सोसणाऱ्या त्या वाटांवर दर जूनआधी चर काढून दगड लावावे लागणार.