अंगाला पाणी लागलं तरी चालेल: वेटसूट आणि ड्रायसूटची पार्श्वभूमी

तारकर्लीत डायव्हिंग शिकून आलेल्या ठाणेकराला थंडीची फिकीर नसते. तिथलं पाणी साधारण 28 अंशांचं, सूट घालायचा तो बराचसा खरचटू नये म्हणून. तोच गडी पुढे आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत उतरायचं ठरवतो, जिथे पाणी बारा महिने 2 ते 4 अंश, आणि विचारतो, "7 मिलिमीटरचा सूट पुरेल ना?" थंडी वाढली की जाडी वाढवायची, हा हिशेब त्याला तारकर्लीच्या पाण्याने शिकवलेला असतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून जुन्या लोकांचा एकच ध्यास होता, पाणी अंगाला लागू द्यायचं नाही. 1875 साली इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या मॅथ्यू वेबने अंगाला पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्याचं तेल चोपडलं होतं. तांब्याचं शिरस्त्राण घालणारे पाणबुडे रबर लावलेल्या कॅनव्हासच्या आत लोकरीचे कपडे चढवत. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रॉगमननी, म्हणजे लष्करी पाणबुड्यांनी, तेच पातळ रबरात केलं. पण शिरस्त्राणवाल्यांसारखी वरून सूटमध्ये हवा मिळत नसल्याने खोलवर गेलं की सूट अंगाला आवळे, घड्यांत कातडी चिमटली जाई. आणि कुठे फाटला, तर आतली लोकर चिंब.

1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनरने प्रश्नच उलटा मांडला. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं असं: अंग ओलं झालं म्हणून बिघडत नाही, ऊब कापडात अडकलेल्या हवेची असते. आपल्या आजीच्या गोधडीचं गणित हेच. फक्त गोधडी भिजली की तिच्यातली हवा जाते. इथे हवा बंद बुडबुड्यांत हवी होती. डूपाँटच्या प्रयोगशाळेत 1930 साली जन्मलेलं निओप्रीन हे कृत्रिम रबर फेसाळवलं की नेमकं तसं मिळत होतं. हाच वेटसूट. सूट अंगाला घट्ट बसला की आत शिरलेलं थोडं पाणी तिथेच राहतं. सैल असेल तर पाणी येत-जात राहतं आणि जाडी वाया जाते. नवखे मापाकडे काणाडोळा करून मिलिमीटर मोजत बसतात, ते मला यासाठीच खटकतं.

अमेरिकी नौदलाला मात्र शंका होती, की या बुडबुड्यांमुळे पाणबुडा सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रणेवर, दिसेल. धंदा केला तो दुसऱ्यांनीच: सॅन फ्रान्सिस्कोचे जॅक ओ'नील आणि बॉडी ग्लोव्ह कंपनीवाले मायस्ट्रेल बंधू. शोध नक्की कुणाचा, हा वाद त्यातूनच पुढे कित्येक वर्षं चालला. सुरुवातीच्या सूटांना आतून नायलॉनचं अस्तर नव्हतं, त्यामुळे अंगात सरकवायला टॅल्कम पावडर लागे. ठाण्यात मे महिन्यात आपण घामोळ्यांसाठी डबे रिकामे करतो, तीच.

पण बुडबुडे दाबापुढे टिकत नाहीत. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि त्यांचं आकारमान निम्म्यावर येतं. जिथे थंडी जास्त, तिथेच ऊब पातळ होते. म्हणून 1960 च्या दशकात स्वीडनच्या पोसायडन कंपनीने युनिसूट नावाचा ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा सूट, आणला: पाणी न झिरपणारी चेन, आणि सूटमध्ये पाठीवरच्या टाकीतूनच हवा सोडायची सोय. फ्रॉगमनला चिमटणाऱ्या सूटची गोष्ट इथे सुटली. ऊब आता आतल्या कपड्यांची. हवा भरत राहायची, वर येताना सोडत राहायची. ती वेळेवर सोडली नाही तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो, म्हणून याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर हेही पुरलं नाही. खोल पाण्यात श्वासाला हेलियम लागतो आणि तो हवेच्या सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो. तिथे जहाजावरून नळीने गरम पाणीच सूटमध्ये सोडू लागले. म्हणजे अंग पुन्हा ओलंच.

सिल्फ्रात स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन जाणाऱ्यांना, 18 मीटरपर्यंतच उतरू देतात. तेवढ्या खोलीवर त्या 7 मिलिमीटरमधल्या बुडबुड्यांचं आकारमान एक तृतीयांशाच्या जरासं वर उरतं. तिथे ड्रायसूटच हवा, आणि त्याचा सराव ठाण्याहून निघण्याआधी नाही, तरी भेगेत उतरण्याआधी व्हायला हवा.