शेवटच्या आकड्यावर थांबणारं बोट

साताऱ्याच्या मोती चौकातून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन ताईकडे गेलो, तेव्हा साडेतीन वर्षांची भाची एक ते वीस घडाघडा म्हणत होती. मधे 'सोळा' गळला, बाकी सगळं सुरात. आजी कौतुकानं ऐकत होती. मी पुडा सोडून म्हटलं, "मला तीन पेढे दे बघू." तिनं हातात मावतील तितके उचलून माझ्या ओंजळीत टाकले. "मोजून बघ की." तिनं मोजले, अगदी बरोबर मोजले: एक, दोन, तीन, चार, पाच. "मग किती झाले?" यावर तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

ताईचा चेहरा जरा उतरला. खरं तर उतरण्यासारखं काहीच नव्हतं. या वयात असंच होतं, आणि का होतं हे गेल्या पन्नासेक वर्षांत संशोधकांनी फार बारकाईनं पाहिलं आहे. मुलांसाठी अंकांची चित्रपुस्तकं विकत घेताना आणि वाचून दाखवताना आपण नेमकं काय करतो आहोत, ते या संशोधनातून नीट दिसतं.

मूल संख्येच्या बाबतीत अगदी कोरं जन्माला येत नाही. कॅरेन विन यांनी १९९२ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांना एक बाहुली दाखवली, तिच्यापुढे पडदा धरला आणि बाळांच्या डोळ्यांदेखत पडद्यामागे दुसरी बाहुली ठेवली. पडदा काढल्यावर एकच बाहुली दिसली, की बाळं जास्त वेळ टक लावून बघत, काहीतरी चुकल्यासारखं. सहा महिन्यांच्या बाळांना ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक कळतो, पण ८ आणि १२ मधला कळत नाही, हे फे शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली दाखवलं. म्हणजे निसर्गानं दोन गोष्टी दिल्या आहेत: एक, दोन, तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेनं टिपायची ताकद, आणि मोठ्या राशींचा ढोबळ अंदाज. नेमके सात किंवा नेमके तेरा हे मात्र त्यात नाही. ते शब्दांनी शिकावं लागतं.

आणि इथेच मोठी दरी आहे. 'एक दोन तीन चार' ही आधी नुसती कविता असते, 'ये रे ये रे पावसा'सारखी. तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला ठरावीक अर्थ आहे, हे मुलाला एकदम कळत नाही. आधी फक्त 'एक' कळतो. एक पेढा माग, एक मिळतो. दोन माग, तीन माग, मूठभर मिळतात. काही महिन्यांनी 'दोन' कळतो. आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मग कधीतरी, बहुतेक साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, एकदम उजेड पडतो: मोजताना जो शब्द शेवटी आला, तोच सगळ्यांची मिळून संख्या सांगतो. त्यानंतर मूल पाच, सहा, आठ, काहीही मोजून देतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीचे जे नियम मांडले, त्यांतला हा कळीचा. आपण मोठी माणसं तो इतका विसरून गेलेलो असतो, की तो वेगळा शिकायचा असतो हेच ध्यानात येत नाही. भाची त्या दिवशी 'दोन'पर्यंत पोचली होती आणि तिसऱ्या पायरीखाली उभी होती.

चित्रपुस्तक या दरीवरचा साकव होऊ शकतं. पण आपोआप नाही. तुम्ही पान कसं वाचता यावर ते ठरतं. केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साडेतीन वर्षांच्या मुलांचे गट करून पाहिलं. काहींना नुसतं मोजून दाखवलं. काहींना नुसती संख्या सांगितली. काहींना दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. फरक पडला तो फक्त ज्यांना आधी 'हे बघ, तीन' असं सांगून लगेच 'एक, दोन, तीन' मोजून दाखवलं त्या मुलांना. दोन्ही गोष्टी एकाच दमात, त्याच वस्तूंवर. संख्येचं नाव आणि मोजणीचा शेवट एकमेकांना चिकटून ऐकू आले, तर मूल ते जोडतं. मधे अंतर पडलं तर जोडत नाही.

आता आपण घरी काय करतो ते आठवा. पानावर पाच चिमण्या असतात. आपण बोट नाचवत 'एक दोन तीन चार पाच' म्हणतो आणि पान उलटतो. ते बोट पाचव्या चिमणीवर थांबायला हवं. मग सगळ्या चिमण्यांभोवती फिरायला हवं: "पाच चिमण्या." एवढा एक क्षण. माझ्या मते अंकांच्या पुस्तकाचा सगळा जीव त्या क्षणात आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या आकाराची. बाजारातली बहुतेक पुस्तकं एक ते दहा अशी धावतात, प्रत्येक आकड्याला एक पान. पण ज्या मुलाला अजून 'तीन' कळलेला नाही, त्याच्यासाठी आठ, नऊ, दहाची पानं म्हणजे नुसती गर्दी. शिकागोमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये पालकांना घरी वाचायला अंकांची पुस्तकं दिली. काहींना एक ते तीनची, काहींना चार ते सहाची. ज्या मुलांना थोड्याच आकड्यांचा अर्थ कळत होता, त्यांना लहान आकड्यांची पुस्तकं उपयोगी पडली. एक, दोन, तीन यांचीच दहा पानं असलेलं मराठी पुस्तक कुणी काढलं, तर मी ते आधी घेईन.

मराठीत तर अशा पुस्तकाला सुंदर वाव आहे. ज्या भाषांत अनेकवचनाचं रूप बदलतं, त्या भाषांतली मुलं 'एक'चा अर्थ लवकर पकडतात, असं रशियन आणि इंग्रजी मुलांची जपानी मुलांशी तुलना करताना दिसलं आहे. जपानीत नामाचं रूप सहसा बदलत नाही. आपल्याकडे एक पेढा, दोन पेढे. एक केळं, दोन केळी. एक वही, दोन वह्या. शब्दच सांगतो की आता एकापेक्षा जास्त झाले. पण एक लाडू, दोन लाडू. एक बैल, दोन बैल, इथे तो गप्प बसतो. मराठी मुलांवरचा अभ्यास हाताशी धरून मी हे म्हणत नाही, हा माझा तर्क आहे. तरी पहिल्या पानांवर लाडवांऐवजी पेढे काढावेत असं मला वाटतं. आणि माणसं मोजायला तर आपल्याकडे वेगळेच शब्द: दोघं, तिघी, चौघं. हे शब्द मोजणीच्या कवितेत येतच नाहीत. ते थेट संख्या सांगतात. 'आम्ही तिघं' म्हणणारं मूल मोजत नसतं, तिघांना एकत्र बघत असतं.

पुढे वीसच्या वर गेल्यावर मात्र मराठी भाषा मुलांना घाम फोडते. 'अठ्ठावीस'नंतर 'नववीस' म्हणणारी मुलं तुम्ही ऐकली असतील. त्यांचं तर्कशास्त्र बरोबर असतं, भाषा 'एकोणतीस' म्हणून पुढच्या दशकात उडी मारते. शिवाय लिहिताना आधी दशक, बोलताना आधी एकक. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक'. तिथली मुलं आणि अमेरिकन मुलं दहापर्यंत बरोबरीनं मोजतात आणि दहानंतर चिनी मुलं पुढे निघतात, हे १९९५ मध्ये दिसून आलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मला ती कल्पना तेव्हाही योग्य वाटली होती, आजही वाटते. पण चित्रपुस्तकाच्या वयात हा प्रश्न अजून लांब असतो.

चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हेही मुलाला शिकावं लागतं. जूडी डिलोश यांनी १९९८ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांपुढे वस्तूंचे खऱ्यासारखे दिसणारे फोटो ठेवले, तर बाळं त्या वस्तू फोटोतून उचलायला बघत होती. दीड वर्षाच्या पुढची मुलं उचलत नाहीत, बोट दाखवतात. त्यांच्याच गटानं नंतर दाखवलं, की ओढायच्या पट्ट्या आणि उघडणाऱ्या खिडक्या असलेल्या पुस्तकांतून मुलं कमी शिकतात. लक्ष पट्टीवर जातं, पट्टीखालच्या गोष्टीवर नाही. अशी पुस्तकं महाग असतात आणि हौसेनं घेतली जातात, म्हणून मुद्दाम सांगतो. साधं पुस्तक घ्या. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन चित्रं असली तर एक पान झाका. एका वेळी एकच चित्र दिसलं तर तीन वर्षांची मुलं नवे शब्द जास्त शिकतात, असं जेसिका हॉर्स्ट आणि झोई फ्लॅक यांना आढळलं. आणि तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. कंटाळा आपल्याला येतो, मुलाला नाही.

आता वाचनाकडे. मोठ्यानं वाचून दाखवत असताना मुलाची नजर कुठे असते, हे नजर टिपणाऱ्या यंत्रानं पाहिलं गेलं आहे. जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर. अक्षरांकडे फार क्वचित. तेव्हा गोष्ट ऐकून शब्दसंपत्ती वाढते, वाक्याची घडण कानात बसते, पण अक्षरं आपोआप ओळखीची होत नाहीत. तिथेही बोटच लागतं. शिक्षकांनी वाचताना अधूनमधून मजकुराकडे बोट दाखवलं, 'इथून वाचायचं', 'हा म, मामाचा म' एवढं म्हटलं, तर त्याचा फायदा दोन वर्षांनीही टिकलेला लॉरा जस्टिस यांच्या गटाला दिसला.

देवनागरीत त्या बोटाला एक अडचण येते. 'चिमणी' वाचताना बोट आधी वेलांटीवर जातं आणि तोंड आधी च म्हणतं. हिंदी वाचणाऱ्या मोठ्यांनाही या ऱ्हस्व वेलांटीच्या शब्दांना किंचित जास्त वेळ लागतो, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये मोजलं. तेव्हा पहिल्या पुस्तकात 'चिमणी'पेक्षा 'काका', 'मामा', 'ऊस' बरे. ऊस तर साताऱ्या-सांगलीच्या प्रत्येक मुलानं पाहिलेला. पण अक्षरांच्या तक्त्यावर उसाच्या आगेमागे उखळ, ईडलिंबू आणि ऐरण बसलेले असतात. जी वस्तू मुलानं कधी पाहिली नाही, तिचं चित्र अक्षराला काय आधार देणार?

३ आणि ६ उलटे लिहिणाऱ्या मुलांना रागावू नका. डावीकडे तोंड केलेली म्हैस आणि उजवीकडे तोंड केलेली म्हैस एकच, हे मेंदूला आधीपासून माहीत असतं. वाचनासाठी त्याला ही जुनी सवय मोडावी लागते, असं मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहाएन सांगतात. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत वेगळी जागा तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक कोपरा अक्षरांसाठी कामाला लावला जातो.

पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. तिथल्या घरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, बालसाहित्याचीही. तिथे मला एका आजी दिसल्या, वाचता न येणाऱ्या. त्या नातवाला चित्रांवरून स्वतःची गोष्ट सांगत होत्या, मधे थांबून "मग हिनं काय केलं असेल रे?" विचारत होत्या. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये पालकांना नेमकं हेच शिकवलं होतं: कमी वाचा, जास्त विचारा, मुलानं दिलेलं उत्तर थोडं वाढवून परत द्या. महिनाभरात त्या मुलांची बोली इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली होती. भिलारच्या आजींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

परत आल्यावर मी भाचीसाठी एक वही केली. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, डाव्या बाजूला काही नाही, उजव्या बाजूला घरातलेच फोटो. एक परडी. दोन चपला. तीन पेढे, दोन पानांवर, वेगवेगळे मांडून. चारचं पान एकच, शेवटी: आजी, ताई, भावोजी आणि ती, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी.

दोन महिने ती वही रोज रात्री उघडली गेली. परवा तिनं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. आजी, आई, बाबा. बोट थांबलं. मग स्वतःच्या चेहऱ्यावर गेलं.

"किती जण आहेत गं?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली, "आणि मी."