एचआयव्ही प्रतिबंधाच्या औषधचाचणीत सहभाग : कागदपत्रांपेक्षा अडतो तो वारसदाराचा रकाना

एचआयव्ही प्रतिबंधाच्या औषधाची संशोधन केंद्रात चाचणी असते तेव्हा सहभागासाठी सहसा वय 18 पूर्ण असावे लागते आणि लागण झालेली नसावी लागते; बाकीच्या अटी त्या त्या चाचणीच्या आराखड्यात असतात. ओळखपत्र आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा. यवतमाळ-वर्ध्याकडची माणसे मात्र निराधार योजनेच्या सवयीने सातबारा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन निघतात, त्याची गरज नाही. संमतिपत्रात वार्षिक उत्पन्न विचारतात ते नोंदीसाठी.

माणसे खरी परत फिरतात ती याच संमतिपत्रातल्या वारसदाराच्या रकान्यापाशी. ‘जीव जाणार नसेल तर वारस कशाला विचारता?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि तो रास्त आहे. 2019 च्या औषधचाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि मृत्यू झाल्यास भरपाई द्यावी लागते. ती कोणाला द्यायची, एवढ्यासाठीच हे नाव असते. घरी न सांगता आलेल्यांनी ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे त्याचेच नाव लिहावे.

वाचता येत नसेल तर संमतीच्या पूर्ण वेळ त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो. ‘साक्षीदार आणा’ एवढे सांगून फोन ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांनी विचार करावा, की गावातला माणूस सोबत आणणे म्हणजे गावभर बोभाटा होण्याची भीती. ओळखीचे कोणी आणायचे नसेल तर केंद्राला आधीच तसे सांगून व्यवस्था विचारावी. संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागले, तरी एचआयव्हीवरील औषधांच्या चाचणीत नियमाने फक्त आवाज नोंदवतात, चेहरा नाही.

नुकताच धोक्याचा संबंध आला असेल तर रक्तचाचणीत लागण लगेच दिसेलच असे नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. त्याला नकार समजून घरी बसू नये. ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी मोफत होते, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही.

पुढच्या भेटींच्या तारखांना आगेमागे थोड्याच दिवसांची मुभा असते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून येणे जड जाते, म्हणून सही करण्यापूर्वीच भेटींचे वेळापत्रक आणि प्रवासखर्चाचे विचारून घ्यावे. मध्येच सोडण्याचा हक्क कायम असतो, त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

सही केलेल्या संमतिपत्राची आणि मराठी माहितीपत्रकाची प्रत मागून घ्यावी. कागद घरी ठेवणे अडचणीचे असेल, तर त्यातला नैतिकता समितीचा, म्हणजे सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन क्रमांक तरी उतरवून घ्यावा.