घेतलं म्हणजे पटलं असं नाही: ॲक्सेप्ट आणि ॲग्री

भाच्याला पहिली नोकरी लागली. होकाराचं पत्र पाठवण्याआधी त्याने मला वाचायला दिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘आय ॲक्सेप्ट टू जॉइन फ्रॉम मंडे.’ मी ॲक्सेप्ट खोडून ॲग्री केलं, तर तो म्हणाला, “मावशी, दोन्हीचा अर्थ मान्य करणे असाच आहे ना?” शब्दकोश उघडला तर त्याचं बरोबर निघतं. नेमकी तिथेच खरी अडचण आहे. मराठीत ‘मला मान्य आहे’ हे वाक्य दोन्ही कामं करतं. इंग्रजीने ती दोन शब्दांत वाटून दिली आहेत.

दोन्ही शब्द कुठून आले ते पाहिलं की फरक लक्षात राहतो. ॲक्सेप्टच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘कापेरे’ आहे, म्हणजे हाताने धरणं, घेणं. कॅप्चर आणि कॅप्टिव्ह त्याच घरातले. ॲग्री आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे ‘आ ग्रे’ म्हणजे मनासारखं, मर्जीप्रमाणे. एक शब्द हाताचा, दुसरा मनाचा. कुणी समोर धरलेली वस्तू तुम्ही घेतली की ॲक्सेप्ट झालं. मनाने होकार दिला की ॲग्री.

वाक्यरचनाही यातूनच येते. हाताला वस्तू लागते, म्हणून ॲक्सेप्टच्या पुढे नाम येतं: गिफ्ट, ऑफर, राजीनामा, माफी, पराभव. एखादी कृती करायला ‘तयार होणं’ त्याला जमत नाही. म्हणून ‘ही ॲक्सेप्टेड टू कम’ चूक आणि ‘ही ॲग्रीड टू कम’ बरोबर. उलट बाजूने ‘आय ॲग्री युअर ऑफर’ हेही आपल्याकडे बऱ्याच अर्जांत दिसतं. ॲग्रीला पुढे टू, विथ किंवा ऑन लागतं. ॲग्री टू म्हणजे राजी होणं, ॲग्री विथ म्हणजे पटणं, ॲग्री ऑन म्हणजे दोघांनी मिळून ठरवणं. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच युक्ती सांगते: मराठी वाक्यातलं ‘मान्य’ काढून तिथे ‘घेतलं’ बसतं का बघा, नाहीतर ‘पटलं’ किंवा ‘तयार झालो’ बसतं का बघा. पहिलं बसलं तर ॲक्सेप्ट, दुसरं बसलं तर ॲग्री. दर दहापैकी नऊ वेळा काम होतं.

दहाव्या वेळेला खरी गंमत असते. कारण माणूस न पटलेली गोष्टही घेतो. पंचाने पायचीत दिलं, फलंदाजाला ठाऊक आहे की चेंडू बॅटला लागून पॅडवर आला होता, तरी तो तंबूकडे चालू लागतो. त्याने निर्णय ॲक्सेप्ट केला, ॲग्री केला नाही. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत: पत्करणं. हार पत्करतात, धोका पत्करतात, वाईटपणा पत्करतात. पत्करण्यात मनाची संमती धरलेली नसते. तुम्ही फक्त ते अंगावर घेता. ‘ॲक्सेप्ट डिफीट’चं भाषांतर ‘पराभव मान्य केला’ असं छापलं जातं तेव्हा मला दर वेळी हळहळ वाटते. ‘हार पत्करली’ म्हणा, अर्थ जागच्या जागी बसतो.

हा फरक नुसता भाषेपुरता नाही, त्यावर जमिनीचे पैसे अडकतात. आमच्या वडिलांची दीड एकर जमीन कालव्यासाठी गेली तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. निवाड्यात ठरलेला मोबदला त्यांना कमी वाटला, पण घरात पैशांची गरज होती. शेजारच्या एका जाणत्या शेतकऱ्याने त्यांना सांगितलं की पैसे घ्या, फक्त सही करताना ‘हरकत राखून’ असं लिहा. त्या कायद्याच्या कलम ३१ मध्येच ही तरतूद होती. रक्कम कमी आहे अशी हरकत नोंदवून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट, पैसे घेता येत. हरकत न नोंदवता ते घेतले, तर वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठवा असा कलम १८ खालचा अर्ज करण्याचा हक्क जात असे. १८९४ चा कायदा गेला आणि १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा आला, त्याच्या कलम ७७ मध्येही हीच अट आहे. ‘मी घेतोय, पण मला पटलेलं नाही’ हे ‘हरकत राखून’ या दोन शब्दांत मावतं. जमीन जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला कळकळीने वाटतं, कारण पावतीवर नुसती सही झाली की कायदा हातालाच मन समजतो.

कराराच्या कायद्यात मात्र हे दोन शब्द जवळ येतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २ प्रमाणे ज्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला त्याने संमती कळवली की प्रस्ताव ॲक्सेप्ट झाला, त्यातून वचन तयार झालं, आणि एकमेकांना दिलेल्या वचनांतून ॲग्रीमेंट उभं राहतं. म्हणजे ॲक्सेप्ट ही पायरी आणि ॲग्रीमेंट हा मुक्काम. इथे ‘हरकत राखून’ चालत नाही. कलम ७ म्हणतं की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच हा खटला झाला. रेंचने शेत १,००० पौंडांना देऊ केलं, हाइडने ९५० सांगितले, रेंचने नकार दिला. मग हाइड म्हणाला, बरं, १,००० ला घेतो. न्यायालयाने सांगितलं की करार झालाच नाही. ९५० म्हणताक्षणी पहिला प्रस्ताव संपला होता. भाच्यालाही मी हेच समजावलं. ‘ऑफर ॲक्सेप्ट करतो, पण पगार थोडा वाढवा’ असं लिहिलंस तर कायद्याच्या दृष्टीने ते ॲक्सेप्ट करणं नव्हे, तो तुझा नवा प्रस्ताव झाला.

जुन्या पेढ्यांवर या कृतीला स्वतंत्र क्रियापद होतं. हुंडी, म्हणजे अमक्याला एवढी रक्कम द्या असा लेखी आदेश, सकारायची. ज्याच्या नावावर हुंडी काढली त्याने ती सकारेपर्यंत पैसे देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नसे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये, अशी सही करून सकारणाऱ्या माणसाला ॲक्सेप्टर म्हटलं आहे. सकारणे आणि नाकारणे अशी सुटसुटीत जोडी आपल्याकडे होती. त्यातलं नाकारणे तेवढं राहिलं.

आता स्वीकार हा शब्द. ॲक्सेप्टला आपण सर्रास तोच प्रतिशब्द वापरतो, पण त्याची व्युत्पत्ती बघा: स्व आणि कृ. जे आपलं नव्हतं ते आपलंसं करणं. नुसत्या घेण्याहून हे खूप खोल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘ॲक्सेप्टेड बुद्धिझम’ लिहिलं तर कुणी दिलेलं काही त्यांनी निमूट घेतलं असं वाटतं. तिथे एम्ब्रेस्ड हवं. मराठीत मात्र स्वीकारच योग्य, त्याला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

एका सावधगिरीचा उल्लेख करायलाच हवा. ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट आपल्या तोंडी बहुतेक वेळा सारखेच येतात, आणि घाईत टाइप करताना पहिल्याच्या जागी दुसरा पडतो. एक्सेप्टही ‘कापेरे’चाच, फक्त त्याच्या आधी ‘एक्स’ लागलं: घेऊन बाहेर ठेवणं, म्हणजे वगळणं. इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन अक्षरांनी होकाराचं वगळणं होतं. करारपत्र पाठवण्याआधी तेवढं एकदा डोळ्यांखालून घाला.

आणि ॲग्रीचा एक अर्थ असा आहे की तिथे ‘मान्य’ अजिबात चालत नाही. इंग्रज म्हणतो, ‘मिल्क डझन्ट ॲग्री विथ मी.’ विद्यार्थी याचं भाषांतर ‘दूध माझ्याशी सहमत नाही’ असं करतात. त्यांच्या घरात आजी रोज म्हणत असते, ‘मला दूध मानवत नाही गं.’